फेअर वही

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या विभागात एक फॉर्म फिरतो. एकच पान असतं. वर विद्यार्थ्याचं नाव, खाली चार ओळी, प्रत्येक ओळीत कोर्सचा नंबर, नाव आणि क्रेडिट्स, तळाशी गाइडची सही. यंदा तो घेऊन माझ्याकडे आली ती नांदेडकडची एक मुलगी. पीएच.डी.ला नुकतीच लागलेली, हॉस्टेलची खोलीसुद्धा अजून पक्की झालेली नव्हती. तीन ओळी तिने भरून आणल्या होत्या. चौथीत पेन्सिलने दोन नावं लिहून दोन्ही खोडलेली दिसत होती.

“मॅडम, यातलं थिसिसला कुठलं लागेल?”

प्रश्न रास्त होता. गणितात संशोधनाला आलेला जवळजवळ प्रत्येक जण तो विचारतो. मीही विचारला होता, आणि मला तेव्हा मिळालेलं उत्तर हिला द्यायचं नाही, एवढं मला लगेच कळलं. काय द्यायचं ते मात्र सुचेना. मी म्हटलं, “फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. उद्या चारला ये, बसून बोलू.”

ती गेल्यावर मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून माझी जुनी वही काढली. दोनशे पानी लाँग बुक, कडा झिजलेल्या, लेबलवर फक्त ‘फेअर’.

बार्शीला माझ्या घरी कुणाला कळत नसे, की एम.एस्सी. झालेल्या मुलीला पुन्हा वर्गात कशाला बसावं लागतं. “आता तू शोध लावायला गेलीस ना, मग तास कसले अजून?” आई फोनवर विचारायची. गणितात त्याला कारण आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या महिन्यापासून प्रयोगशाळेत उभा राहू शकतो. गणितात आपण ज्यावर काम करणार तो प्रश्न नीट समजायलाच पुष्कळदा दोन वर्षं जातात. म्हणून पहिलं वर्षभर अल्जिब्रा, अॅनालिसिस, टोपोलॉजी ही तीच जुनी नावं पुन्हा समोर येतात, फक्त या वेळी तळापर्यंत जायचं असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 च्या नियमांत सगळ्याच विषयांच्या पीएच.डी.ला कोर्सवर्क सक्तीचं केलं. 2022 च्या नियमांनुसार ते किमान 12 क्रेडिट्सचं असावं लागतं आणि संशोधन-प्रकाशनातल्या नीतिमत्तेचा कोर्सही त्यातच येतो. पण गणितात ही रीत नियमाच्या पुष्कळ आधीची आहे. लहान गावातल्या कॉलेजातून आलेल्या माझ्यासारखीला तिचा फार आधार होता. 2004 पासून भरणाऱ्या एटीएम (अॅडव्हान्स्ड ट्रेनिंग इन मॅथेमॅटिक्स) शाळा, विशेषतः संशोधक विद्यार्थ्यांसाठीची काही आठवड्यांची फाउंडेशन स्कूल्स, याच कामासाठी आहेत. मी एकीला गेले होते. सकाळी व्याख्यानं, दुपारी ट्युटोरियल. ट्युटोरियलला खडू आपल्या हातात देत. एम.एस्सी.त डिस्टिंक्शन मिळवलेली मी, आणि कॉम्पॅक्टनेसचा एक साधा प्रश्न फळ्यावर सोडवताना मला कळलं, की मी व्याख्या पाठ केली आहे, तिच्याशी माझी ओळख नाही.

हे सक्तीचे कोर्स झाले. त्यांत निवड नसते, म्हणून चिंताही नसते. खरी पंचाईत त्यांच्या पलीकडे सुरू होते. निवडीचे पाच-सहा कोर्स समोर असतात आणि घ्यायचे असतात दोन किंवा तीन.

माझ्या वेळी त्यांत एक होता फायनाइट ग्रुप्सच्या रिप्रेझेंटेशन थिअरीचा. सकाळी साडेनऊला. शिकवणारे सर निवृत्तीला आलेले, आवाज बारीक, आणि परीक्षेत काय विचारतील याचा कुणाला नेम नाही. दुसरा कोर्स होता त्याच्या मागच्या चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका हॉस्टेलमध्ये फिरत होत्या. माझी फेलोशिप ग्रेडवर टांगलेली होती. ती गेली असती तर बार्शीला परत जाण्यापलीकडे माझ्यापाशी दुसरी वाट नव्हती. मी गाइडना विचारलं, “सर, रिप्रेझेंटेशन थिअरी माझ्या कामाला लागेल का?” त्यांनी मान न उचलता सांगितलं, “तुझं काम ग्राफवरचं. लागलंच तर तेव्हा वाचून घे.”

शाळेत परीक्षेच्या आधी आपण एखादा धडा ऑप्शनला टाकतो. मी एक अख्खा विषय ऑप्शनला टाकला.

तिसऱ्या वर्षी माझ्यासमोर एक ग्राफ आला. चार वस्तू ओळीत मांडायच्या 24 रीती असतात. प्रत्येक रीत म्हणजे एक बिंदू. दोनच वस्तूंची अदलाबदल करून एका मांडणीतून दुसरीत जाता येत असेल, तर त्या दोन बिंदूंमध्ये रेघ. चार वस्तूंतून दोन निवडायचे सहा प्रकार, म्हणून प्रत्येक बिंदूतून सहा रेघा निघतात. अशा ग्राफचं 24 बाय 24 चं मॅट्रिक्स लिहायचं, जोडलेले असतील तिथे 1, नसतील तिथे 0, आणि त्याच्या आयगेनव्हॅल्यू काढायच्या. आयगेनव्हॅल्यू म्हणजे त्या मॅट्रिक्सच्या खास संख्या. ग्राफचा बराचसा स्वभाव त्यांच्यावरून कळतो: तो एकसंध आहे की तुटक, त्यावर भटकणारा माणूस किती लवकर सगळीकडे पोहोचेल, वगैरे.

संगणकाने उत्तर दिलं. 6 एकदा. उणे 6 एकदा. 2 नऊ वेळा, उणे 2 नऊ वेळा, 0 चार वेळा.

मी ते बघत बसले. सगळ्या पूर्ण संख्या. एवढ्या मोठ्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू सहसा अशा नीटनेटक्या येत नाहीत. आणि त्या किती वेळा येतात? एक, एक, नऊ, नऊ, चार. सगळे वर्ग. मी पाच वस्तू घेतल्या. 120 बाय 120 चं मॅट्रिक्स. पुन्हा पूर्ण संख्या, आणि येण्याची गणती एक, एक, सोळा, सोळा, पंचवीस, पंचवीस, छत्तीस. बेरीज बरोब्बर 120.

हे असं का व्हावं, हे सिद्ध करायचं म्हणून मी ऑगस्टमध्ये बसले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. लहान केसवरून मोठी करून पाहिली, मॅट्रिक्सचे हाताने तुकडे करून पाहिले, तीन रजिस्टरं भरली. वर्ग दिसत होते आणि ते कशाचे वर्ग आहेत हेच कळत नव्हतं. गाइडना दाखवलं तर ते म्हणाले, चांगलं निरीक्षण आहे, पुढे जा.

मार्चमधल्या एका रात्री मेसमध्ये जेवताना मी कागदावर 1, 1, 4, 9, 9 लिहून बसले होते. समोर माझ्याबरोबरचीच एक मैत्रीण होती, नंबर थिअरीवाली. तिने ताटातून मान वर केली आणि म्हणाली, “एस फोरच्या डायमेन्शन्सचे वर्ग काय लिहीत बसलीयेस?” मला वाटलं ती दुसरंच काही बोलतेय. ती वर खोलीत गेली आणि तिची फेअर वही घेऊन आली. तिने त्या सकाळी साडेनऊच्या कोर्सला क्रेडिट घेतलं होतं. दुसऱ्या महिन्यातल्या एका तासाच्या नोट्स होत्या, निळ्या शाईत, सूत्राभोवती चौकट. एस फोरची, म्हणजे चार वस्तूंच्या अदलाबदलींच्या ग्रुपची, मूळ रिप्रेझेंटेशन्स (सदस्यांना मॅट्रिक्सच्या रूपात मांडायच्या रीती) पाच. त्यांची डायमेन्शन्स 1, 1, 2, 3, 3. त्यांच्या वर्गांची बेरीज ग्रुपच्या सदस्यसंख्येइतकी, 24. आणि माझ्या ग्राफच्या आयगेनव्हॅल्यू त्या रिप्रेझेंटेशन्सच्या कॅरॅक्टरवरून, म्हणजे त्या मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या बेरजेवरून, एका ओळीत निघतात. याच वाटेने जाऊन डायकोनिस आणि शहशहानी यांनी 1981 साली दाखवून दिलं होतं, की दोन-दोन पत्ते उचलून अदलाबदल करत पत्त्यांचा जोड पिसायचा, तर तो नीट मिसळायला किती अदलाबदली लागतात. 52 पत्त्यांसाठी हा आकडा शंभराच्या आसपास येतो.

माझे ऑगस्ट ते मार्च त्या एका पानावर होते. तिने वही माझ्याजवळ ठेवली आणि ती झोपायला गेली. मी मात्र पहाटेपर्यंत जागी होते.

“तेव्हा वाचून घे” या सल्ल्यातली खोच मला त्या रात्री कळली. लागेल तेव्हा वाचायला, आता हे लागतंय हे आधी कळावं लागतं. जो विषय आपल्या कानावरूनही गेलेला नाही, तो आपल्या दाराशी येऊन उभा राहिला तरी आपण त्याला ओळखत नाही. मी आठ महिने त्याला रोज बघत होते.

मग मी वाचून घेतलं. सेर यांचं फायनाइट ग्रुप्सच्या रिप्रेझेंटेशन्सवरचं छोटेखानी पुस्तक. त्याचा पहिला भाग मुळात क्वांटम केमिस्ट्रीच्या लोकांसाठी लिहिलेला आहे आणि दुसरा भाग 1966 साली पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये विद्यार्थ्यांना दिलेल्या कोर्सवरून तयार झाला आहे. तीन आठवड्यांत सूत्र माझ्या हातात आलं, थिसिसचं एक प्रकरण उभं राहिलं. पण पुढच्याच प्रश्नाला मी पुन्हा अडकले. नियम थोडा बदलला, कुठल्याही दोघांची नव्हे तर शेजारच्या दोघांचीच अदलाबदल चालेल असं म्हटलं, की ते सूत्र चालेना. सूत्र मोडल्यावर हातात काय उरतं, हे मला सांगता येत नव्हतं.

चौथ्या वर्षी सरांनी तो कोर्स पुन्हा घेतला. निवृत्तीनंतर मानद म्हणून, बहुधा शेवटचा. मी नुसती बसायला गेले. क्रेडिट नाही, ग्रेड नाही, हजेरीत नाव नाही. थिसिस लिहायला घ्यायच्या वर्षी वर्गात बसणं माझ्या गाइडना पसंत नव्हतं आणि त्यांनी तसं सांगितलंही. मी गेले.

तिसऱ्या की चौथ्या तासाला सरांनी माश्केचं प्रमेय घेतलं. पुस्तकात ते अर्ध्या पानात संपतं. मी ते वाचलेलं होतं, त्यामुळे थोडी सैल बसले होते. प्रमेय सांगतं की रिप्रेझेंटेशनच्या पोटात त्याचा एखादा स्वयंपूर्ण भाग असेल, तर उरलेला भागही तसाच स्वयंपूर्ण निवडता येतो. सगळं सुटं करता येतं. सरांनी आधी भलताच भाग निवडला, ग्रुपची पर्वा न करता. म्हणाले, “हा चुकीचा आहे. पण चुकीचा आहे म्हणून टाकू नका.” मग त्यांनी ग्रुपच्या एकेका सदस्याला त्या चुकीच्या निवडीवर हात फिरवायला लावला, सगळ्यांच्या निवडी बेरजेत मांडल्या आणि सदस्यांच्या संख्येने भागायची आडवी रेघ ओढली. सरासरी. शाळेत शिकवतात ती. सगळ्यांची सरासरी काढली की एकेकाचा हेकटपणा निघून जातो आणि उरतं ते सगळ्या ग्रुपला मान्य असतं.

रेघ ओढून सर थांबले. खडू रेघेखालीच टेकवून ठेवला. वर्गात आम्ही सात जण. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “इथे काय मोडू शकतं?”

मी ते अर्धं पान किमान दहा वेळा वाचलं होतं आणि त्या रेघेवर माझी नजर एकदाही अडली नव्हती. भागाकार! ज्या अंकगणितात ग्रुपची सदस्यसंख्याच शून्य होऊन बसते, तिथे त्या संख्येने भागता येणार नाही. तिथे प्रमेय पडतं, सुटे भाग सुटत नाहीत, एकमेकांत अडकून राहतात. सर म्हणाले, रिचर्ड ब्राउअर यांनी पुढे आयुष्यभर जे उभारलं ते या रेघेखाली आहे. आणि मग, जणू शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं की 1896 साली डेडेकिंड यांनी फ्रोबेनियस यांना पत्रातून ग्रुपच्या डिटर्मिनंटबद्दल लिहिलं, त्याचे अवयव पाडता पाडता फ्रोबेनियस यांना कॅरॅक्टर्स सापडली आणि मॅट्रिक्सची रिप्रेझेंटेशन्स त्यानंतर वर्षभराने आली. आपण कोर्समध्ये शिकतो त्याच्या उलट्या क्रमाने. मला एकदम हायसं वाटलं. वर्ग आधी दिसले आणि कशाचे ते नंतर कळलं, हा माझाच करंटेपणा नव्हता तर. ही वाट जुनी होती.

त्या तासानंतर माझा अडलेला प्रश्न आपोआप सुटला असं नाही. पण शेजारच्यांच्या अदलाबदलीत सूत्र मोडतं तेव्हा काय उरतं, ते मला दिसलं. मॅट्रिक्सचे तुकडे तेव्हाही पडतातच. फक्त प्रत्येक तुकडा एका संख्येवर येऊन थांबत नाही, तो छोटं मॅट्रिक्स राहतो. तीन डायमेन्शनचं रिप्रेझेंटेशन असेल तर तीन बाय तीनचं, आणि ते तीनदा येतं. एवढं दिसल्यावर पुढचं काम मी केलं.

हा कोर्स मी फेअर केला. आधी रफ वहीत तासाला जमेल तसं उतरवायचं, आणि त्याच रात्री, फार तर दुसऱ्या रात्री, बसून पक्क्या वहीत लिहायचं. एका तासाच्या नोट्स फेअर करायला मला अडीच-तीन तास लागत. कारण फळ्यावर “म्हणून” असा एक शब्द असतो आणि लिहायला बसलं की ते “म्हणून” का, हे आपल्याला माहीत नसतं.

ही सवय मला घरून मिळाली. बाबा अडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभराचे व्यवहार कीर्दीत जसे होतील तसे उतरवायचे आणि संध्याकाळी दुकानाची फळी अर्धी लावून घेतली की एकेक रक्कम खतावणीत त्या-त्या माणसाच्या खात्यावर चढवायची. मी लहान असताना डबा घेऊन जायची आणि त्यांचं होईपर्यंत पोत्यांवर बसून राहायची. ते म्हणायचे, चूक होते कीर्दीत, पण कळते खतावणीला. एखाद्या दिवशी चार आण्यांचा फरक निघाला तर ते जेवण थंड होऊ द्यायचे, फरक सोडायचे नाहीत. मुंबईला खोलीत रात्री दिवा लावून माश्केचं प्रमेय पक्क्या वहीवर चढवताना मला त्या दुकानातला तुरीच्या डाळीचा वास यायचा.

आणि याच मुंबईत आमच्या क्षेत्रातली एक मोठी परंपरा याच कामातून उभी राहिली, हे मला तेव्हा ग्रंथालयात कळलं. त्या परंपरेच्या सुरुवातीला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च कुलाब्याच्या आताच्या इमारतीत नव्हती, गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये होती. के. चंद्रशेखरन यांनी तिथे गणिताची शाळा घडवताना जगातल्या पहिल्या प्रतीच्या गणितज्ञांना व्याख्यानं द्यायला बोलावलं. झीगेल आले, लोराँ श्वार्त्झ आले. ती व्याख्यानं पुढे नोट्सच्या रूपात छापली गेली, आणि त्या नोट्स लिहिल्या होत्या समोर बसलेल्या तरुण पोरांनी. पहिल्या पानावर व्याख्यात्याचं नाव आणि त्याखाली नोट्स लिहिणाऱ्याचं. सगळ्या जगात त्या वाचल्या गेल्या, आजही वाचल्या जातात.

त्यांत एक नाव पुन्हा पुन्हा येतं: सी. पी. रामानुजम. श्रीनिवास रामानुजन ते वेगळे. हे 1938 साली मद्रासला जन्मलेले, 1957 साली टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आले. डॉयरिंग यांच्या व्याख्यानांच्या नोट्स त्यांच्या. शाफारेविच यांच्या व्याख्यानांच्या नोट्स त्यांच्या, आणि शाफारेविच यांनी स्वतःच कृतज्ञतेने नोंदवलं आहे की रामानुजम यांनी चुका दुरुस्त केल्या, एवढंच नाही तर व्याख्यानात नुसती सांगितलेली कितीतरी विधानं सिद्ध करून दिली. 1967-68 साली डेव्हिड मम्फर्ड यांनी मुंबईत अॅबेलियन व्हरायटीजवर व्याख्यानं दिली, त्यांच्याही नोट्स रामानुजम यांनी लिहिल्या. त्यातून 1970 साली आलेलं पुस्तक त्या विषयाचा आजही पाया आहे. तोवर रामानुजम स्वतः मान्यता पावलेले गणितज्ञ होते. तरी ते समोर बसले, ऐकलं, घरी जाऊन सगळं पुन्हा मांडलं. 1974 साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले. मी त्या जुन्या नोट्स ग्रंथालयात हातात घेते तेव्हा मला नेहमी वाटतं की मोठेपण शोधात असतं तसं या लिहिण्यातही आहे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मुलगी आली. मी तिला हे सगळं सांगितलं नाही. तिने खोडलेली दोन नावं मी विचारली. एक रिप्रेझेंटेशन थिअरीचा कोर्स होता, दुसरा अॅडव्हान्स्ड ग्राफ थिअरीचा. दुसरा तिच्या विषयाला अगदी लागून. मी म्हटलं, ग्राफ थिअरीचं पुस्तक तू सुट्टीत एकटी वाचशील, गणितं सोडवत सोडवत. तो विषय एकट्या माणसाला आत घेतो. काही विषय तसं घेत नाहीत, निदान मला तरी घेतलं नाही. रिप्रेझेंटेशन थिअरी, होमोलॉजिकल अल्जिब्रा, अल्जिब्रेइक जॉमेट्री यांची पुस्तकं वाचून होतात आणि आपण दाराबाहेरच राहतो. जो विषय एकटीला जमणार नाही, तो कोर्स म्हणून घे. थिसिसला काय लागेल हे तुला आज माहीत नाही, मलाही नाही. आणि माहीत आहे असं मी म्हणाले तर माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

ती म्हणाली, “व्हिडिओ आहेत की मॅडम, त्याच विषयाचे. चांगले आहेत.” आहेत, आणि मीही बघते. बीड-नांदेडच्या मुलीला जगातला उत्तम शिक्षक रात्री दोन वाजता ऐकता येतो, ही साधी गोष्ट नाही. पण व्हिडिओ थांबवतो तो आपण, आपल्याला कळलं नाही तिथे. सर थांबले होते ते आम्हाला कळलंय असं वाटत होतं तिथे. आमचे चेहरे बघून.

मग ती हळूच म्हणाली, “ग्रेड गेली तर?” या प्रश्नाला मी कधीच हसत नाही. ज्याच्या घरी दुसरं उत्पन्न नाही त्याची फेलोशिप ग्रेडवर असते, आणि धाडस कर म्हणून सांगणाऱ्याच्या खिशातून त्यात काही जात नाही. आम्ही हिशेब मांडला. तीन कोर्स क्रेडिटला पुरत होते. चौथा तिने ऑडिट करावा असं ठरलं. चारही क्रेडिटला घेऊन चारही अर्धवट ऐकण्यापेक्षा हे बरं. चार कोर्स कुणालाच फेअर करता येत नाहीत, दिवसाला तेवढे तास नसतात. मी फॉर्मवर सही केली. शिकवणाऱ्या सहकाऱ्याला फोन करून सांगितलं की एक मुलगी नुसती बसायला येईल, तिला मागे बसू देऊ नका.

निघताना तिने माझी वही पाहिली. टेबलावरच होती. मी ती तिला दिली, एका अटीवर. तासाच्या नोट्स आधी स्वतः फेअर करायच्या आणि मगच माझी वही उघडून ताडून बघायची. आधी उघडायची नाही.

गणपती झाले. सप्टेंबरच्या मध्यावर एका सकाळी ती दार वाजवून आत आली तेव्हा तिच्या हातात दोन्ही वह्या होत्या. तिने माझी टेबलावर ठेवली, खूण घातलेलं पान उघडलं आणि जरा चाचरत म्हणाली, “मॅडम, इथे भागाकार राहिलाय बहुतेक.”

तेच सूत्र होतं. ग्राफची आयगेनव्हॅल्यू काढायची तर अदलाबदलींच्या संख्येला कॅरॅक्टरने गुणायचं आणि डायमेन्शनने भागायचं. माझ्या वहीत गुणाकार होता. खालची आडवी रेघ नव्हती. थिसिसमध्ये ती होती, वहीत नव्हती, आणि इतकी वर्षं ते पान मी कितीतरी वेळा उघडलं होतं.

“तुला कसं दिसलं?”

“भागलं नाही तर तीन डायमेन्शनच्या एका रिप्रेझेंटेशनला सहा येतात,” ती म्हणाली, “आणि ते नऊ वेळा. मूळचा एक सहा धरून दहा. म्हणजे ग्राफचे दहा तुकडे असायला हवेत. पण अदलाबदली करत कुठल्याही मांडणीतून कुठल्याही मांडणीत जाता येतं, तो एकच तुकडा आहे. आणि तसंही 24 चे दहा सारखे तुकडे पडणारच नाहीत.”

मी पेन शोधू लागले. ती म्हणाली, “मी पेन्सिलने समासात लिहून ठेवलंय. चालेल ना?”

मी पान जवळ घेतलं. समासात, माझ्या निळ्या शाईच्या शेजारी, बारीक तिरप्या अक्षरात एक आडवी रेघ होती आणि तिच्याखाली 3.